पंचवीस आवाज काढता येतात, पुढे काय? डॉझ बटलर यांच्या कारकिर्दीवरून एक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'मला पंचवीसेक नट-नट्यांचे आवाज हुबेहूब काढता येतात. कार्टूनला आवाज देणारे लोक म्हणजे नकलाकारच ना? लहानपणी योगी बेअर पाहायचो. मूळ इंग्रजीत त्याला डॉझ बटलर यांचा आवाज होता असं आता समजलं. असा माणूस जन्मभर नेमकं काय काम करतो? त्यावर घर चालतं का? आणि मला या धंद्यात शिरता येईल का?'

माझी बरीच वर्षं डबिंगमध्ये आणि नंतर आवाजाच्या कार्यशाळा घेण्यात गेली. पंचवीस आवाज येणारी मुलं जवळजवळ प्रत्येक बॅचला भेटतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. ज्याला नक्कल येते त्याचा कान तयार असतो, आणि कान नसलेल्या माणसाला पुढचं काही शिकवणं फार जिकिरीचं होतं. पण त्यातली बरीचशी मुलं पहिल्या मोठ्या स्क्रिप्टपाशी अडकतात. नटाचे ठरलेले चार संवाद फक्कड येतात आणि पाचवं, कधीही न ऐकलेलं वाक्य हातात दिलं की आवाज विरून जातो. हा अडथळा बटलर यांनी कसा ओलांडला ते त्यांच्या कामात पायरीपायरीने ऐकू येतं. म्हणून तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यांच्याच गोष्टीतून देतो.

चार्ल्स डॉसन बटलर यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९१६ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, टोलीडो इथे झाला. वाढले ते शिकागोला लागून असलेल्या ओक पार्कमध्ये. अंगाने ठेंगणे आणि स्वभावाने कमालीचे लाजाळू. चारचौघांत बोलायची भीती मोडावी म्हणून ते हौशी कलाकारांच्या स्पर्धांत उतरू लागले, आणि स्वतःच्या आवाजात बोलायचं धाडस होईना म्हणून दुसऱ्यांच्या आवाजांत बोलू लागले. रेडिओवरचे नट, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट, जो त्या काळी घराघरात ऐकू येई तो. बक्षिसं मिळाली, त्यातून क्लबांची आणि थिएटरांची बोलावणी आली. पुढे आणखी दोन बुटक्या मित्रांना घेऊन त्यांनी त्रिकूट काढलं, नाव 'थ्री शॉर्ट वेव्हज'. रेडिओच्या लघुलहरी आणि आपली उंची, दोन्हींवर एकाच नावात कोटी.

म्हणजे वयाच्या पंचविशीपर्यंत हा माणूस अगदी तुमच्यासारखा होता. नकला करायचा, टाळ्या घ्यायचा.

मग महायुद्ध आलं. नौदलातली नोकरी, त्याच काळात मर्टिस मार्टिन यांच्याशी लग्न, आणि युद्ध संपल्यावर लॉस एंजेलिस. १९४८ च्या सुमारास कार्टूनपटांत पहिलं काम मिळालं आणि लवकरच एमजीएम या हॉलिवूडच्या चित्रपट कंपनीमध्ये टेक्स एव्हरी या दिग्दर्शकाने त्यांना धरलं. ही कामं सिनेमागृहात मुख्य चित्रपटाच्या आधी दाखवल्या जाणाऱ्या छोट्या कार्टूनपटांची होती. पडद्यावर नाव येत नसे. हा तपशील ध्यानात ठेवा, पैशांच्या भागात तो परत लागेल.

टीव्हीवर बटलर आले ते मात्र बाहुल्यांमुळे. २८ फेब्रुवारी १९४९ रोजी लॉस एंजेलिसच्या केटीएलए वाहिनीवर 'टाइम फॉर बीनी' सुरू झाला. बॉब क्लॅम्पेट यांची निर्मिती, रोज पंधरा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, सगळं थेट प्रक्षेपण. बीनी नावाचा मुलगा बटलर यांच्या हातावर, सेसिल नावाचा समुद्री सर्प स्टॅन फ्रीबर्ग यांच्या हातावर, आणि जहाजाच्या कप्तानापासून बाकीची झाडून सगळी पात्रंही मुख्यतः या दोघांच्याच गळ्यांतून. लिहिण्यातही दोघांचा हात असे. कार्यक्रम मुलांचा म्हणून सुरू झाला आणि मोठ्यांनीच जास्त उचलला. आइनस्टाइन तो न चुकता पाहत असत असंही सांगतात. त्याला एमी पुरस्कारही मिळाले.

या पाच-सहा वर्षांना मी बटलर यांची खरी शाळा मानतो. मंचाखाली उभं राहून हात डोक्यावर धरायचा, त्या हाताने बाहुलीचं तोंड चालवायचं आणि तोंडाने बोलायचं. हात वर गेला की बरगड्या ताणल्या जातात, श्वास नेहमीसारखा खाली उतरत नाही, आणि तरी आवाजात ताण दिसता कामा नये. त्यात बाहुलीचा जबडा प्रत्येक अक्षराला उघडला तर ती बडबडणाऱ्या यंत्रासारखी दिसते. म्हणून वाक्यातला कुठला शब्द महत्त्वाचा, कुठे जोर, कुठे नुसतं वाहून जायचं हे क्षणात ठरवावं लागतं. चुकलं तर रिटेक नाही, कारण लोक त्याच क्षणी पाहत असतात. आमच्याकडे येणाऱ्या मुलांना मी कधीकधी एक हात वर धरून परिच्छेद वाचायला लावतो. आधी हसतात. दोन मिनिटांनी घाम फुटतो, आणि वाक्यात आपण किती फालतू जागी श्वास घेतो ते कळतं.

फ्रीबर्ग यांच्याबरोबरच १९५३ मध्ये पोलिसी मालिकेचं विडंबन करणारी एक ध्वनिमुद्रिका निघाली. बटलर तिचे सहलेखकही होते. तिच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. पण त्यात त्यांचा आवाज ऐकून रस्त्यात कुणी ओळखलं असेल, असं काही झालं नाही. तसं ते शेवटपर्यंत झालं नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. त्यासाठी दोन कामं शेजारी ठेवून ऐका.

पहिलं १९५६ चं. त्या वेळी 'द हनीमूनर्स' ही विनोदी मालिका टीव्हीवर गाजत होती. जॅकी ग्लीसन तडकू बस ड्रायव्हर राल्फ, आणि आर्ट कार्नी त्याचा शेजारी, गटारात काम करणारा एड नॉर्टन. वॉर्नर ब्रदर्सने तिचं उंदरांच्या रूपात विडंबन केलं. राल्फ आणि नॉर्टन या दोन्हींच्या नकला बटलर यांनी केल्या. ऐकताना मजा येते, कारण मूळ माणसं ताबडतोब ओळखू येतात. पण मूळ मालिका न पाहिलेल्याला त्यात फारसं काही सापडत नाही. नक्कल इथे थांबते.

दुसरं १९५८ चं. योगी बेअर. आवाजाचा पाया तोच, कार्नी यांचा नॉर्टन. तीच छातीतून येणारी गुंज, तेच पसरट स्वर, तोच 'हे' म्हणताना वरून खाली घसरणारा सूर. तरीही पोरांच्या चार पिढ्यांनी हनीमूनर्सचं नावही न ऐकता योगीवर प्रेम केलं. दोन वर्षांत काय बदललं?

माझं उत्तर असं: पात्राची जागा बदलली. नॉर्टन हा दुय्यम गडी. राल्फ बेत आखतो, नॉर्टन मागून लुडबुडत येतो. योगीच्या मागे मात्र बू-बू हे छोटं अस्वल आहे, आणि बेत योगी आखतो. तोच सूर शेपटाकडून काढून डोक्याला लावला, की लुडबुडीचा रुबाब होतो. जेलीस्टोन पार्कात सहलीला आलेल्यांच्या टोपल्या पळवणारं हे अस्वल चोरटं वाटत नाही, पुढारी वाटतं. स्वतःला सर्वसाधारण अस्वलापेक्षा हुशार म्हणवून घेतानाचं त्याचं वाक्य ऐका. 'ॲव्हरेज' या शब्दाचे तुकडे पाडून बटलर तो झोक्यासारखा वर नेतात आणि 'बेअर' निवांतपणे खाली टेकवतात. घाई अजिबात नाही. वनरक्षक येऊन पकडणार हे ठाऊक असूनही ज्याला घाई नाही, तो माणूस स्वतःवर बेहद्द खूश आहे. हे सगळं एका शब्दाच्या चालीत आलं. नुसता गळा सारखा काढून हे येत नाही. या अस्वलाला काय हवंय आणि ते स्वतःला काय समजतं, याचा विचार आधी करावा लागतो.

हकलबरी हाउंड या कार्टून कुत्र्याची गोष्ट याहून बोलकी आहे. बायकोचं माहेर नॉर्थ कॅरोलायनातलं अल्बेमार्ल. तिथे शेजारी एक जनावरांचे डॉक्टर राहत. बटलर सासरी गेले की त्यांच्याशी गप्पा होत, आणि त्यांचं ते संथ, दक्षिणी, कशानेही विचलित न होणारं बोलणं बटलर यांच्या कानात बसलं. ते त्यांनी आधी १९५३ मध्ये टेक्स एव्हरींच्या एका लांडग्याला दिलं. कुत्र्याच्या तीन पिल्लांच्या घरावर चाल करून जाणारा, पण कितीही मार बसला तरी शांतपणे शीळ घालणारा लांडगा. मग १९५७ मध्ये 'रफ अँड रेडी'तल्या रेडी नावाच्या कुत्र्याला दिलं. आणि १९५८ मध्ये हकलबरीला. तीन वेळा एकच बोली. लांडग्यात ती धमकीला विनोदी करते, रेडीमध्ये भाबडेपणा होते, हकलबरीत सहनशीलता. मागे नट नव्हे, एक शेजारी होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सिनेनटाचा आवाज तुमच्याआधी हजार लोकांनी काढलेला असतो. शेजाऱ्याचा कुणीच काढलेला नसतो.

या पात्रांना इतकं यश त्याच वेळी का मिळालं, त्याचं कारण पैशात आहे. १९५७ मध्ये एमजीएमने आपला कार्टून विभाग बंद केला. टॉम आणि जेरी करणारे विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा बेकार झाले आणि स्वतःचा स्टुडिओ काढून टीव्हीकडे वळले. योगी आणि हकलबरी त्यांच्याच स्टुडिओचे. एमजीएममध्ये सात मिनिटांच्या एका कार्टूनवर चाळीस हजार डॉलरांहून जास्त खर्च होई. टीव्ही पाच मिनिटांच्या भागाला तीन हजारांच्या आसपास द्यायला तयार होता. तेव्हा चित्रं कमी करणं आलं. योगीच्या गळ्यात कॉलर आणि टाय का आहे, कधी विचार केलात? धड आणि डोकं यांच्यामधली रेषा त्याखाली लपते. धड एकदाच काढून ठेवायचं आणि नुसतं डोकं हलवायचं. वॉर्नरचे दिग्दर्शक चक जोन्स अशा कार्टूनांना 'सचित्र रेडिओ' म्हणत. त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं होतं. आवाजाच्या माणसाला मात्र याहून चांगली बातमी नव्हती. चित्र उभंच राहणार असेल तर प्रसंग आवाजानेच चालवायचा. रेडिओवर आणि बाहुल्यांत मुरलेले बटलर आणि त्यांचे जोडीदार डॉन मेसिक (बू-बू आणि वनरक्षक स्मिथ हे दोघेही मेसिकच) यांच्यासाठी ही जागा जणू आखून ठेवली होती. हकलबरीच्या कार्यक्रमाला १९६० मध्ये एमी मिळाला. ॲनिमेशनच्या मालिकेला तो पहिल्यांदाच मिळत होता.

इथे तुमच्यासाठी एक तांत्रिक फरक. मूळ कार्टूनमध्ये आधी आवाज मुद्रित होतो आणि चित्रकार त्यावरून तोंडं काढतात. म्हणजे कुठे थांबायचं, कुठे वेग घ्यायचा, हे नट ठरवतो. आपण ज्याला डबिंग म्हणतो त्यात चित्र आधीच तयार असतं. दुसऱ्या भाषेत उघडलेल्या तोंडात आपलं वाक्य बसवायचं, लिप-सिंक सांभाळायचा आणि तरी ते बसवलेलं वाटू द्यायचं नाही. बटलर यांनी केलेलं काम बहुतांश पहिल्या प्रकारचं. इथे बहुतेकांच्या वाट्याला दुसरं येतं. बटलर यांचं स्वातंत्र्य बघून 'मीही असंच करीन' म्हणत स्टुडिओत शिरलात, तर पहिल्याच लूपला (डबिंगसाठी घेतलेल्या चित्राच्या छोट्या तुकड्याला) पडद्यावरचं तोंड मिटल्यावर तुमचा आवाज चालू राहील आणि रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून हात वर करेल.

पुढच्या दहा वर्षांत त्यांनी जे केलं त्याची यादी लांब आहे, सगळी देत नाही. क्विक ड्रॉ मॅग्रॉ हा घोडा आणि त्याचा साथीदार बाबा लुई, दोघेही बटलर. सुपर स्नूपर हे गुप्तहेर मांजर आणि त्याचा उंदीर मदतनीस ब्लॅबर, दोघेही बटलर. स्नॅगलपस, मिस्टर जिंक्स, वॉली गेटर, 'द जेट्सन्स'मधला शाळकरी एलरॉय. यातल्या कितीतरींमागे एखादा नट आहे. बाबा लुईमागे डेझी अर्नाझ, वॉली गेटरमागे एड विन, होकी वुल्फमागे फिल सिल्व्हर्स.

एकाच माणसाने प्रसंगातली दोन्ही पात्रं करणं हे ऐकायला कसरतीचं वाटतं, आणि आहेच. नवी मुलं ते पट्टीवर सोडवतात, एकाला उंच आवाज, दुसऱ्याला बेस. दहा-बारा संवादांत उंच आवाज थकून खाली येतो, बेस उत्साहात वर चढतो आणि दोघं मध्येच कुठेतरी एकमेकांना भेटतात. बटलर यांचे स्नूपर आणि ब्लॅबर ऐका. पट्टीचा फरक आहेच, पण खरा फरक असा की स्नूपर वाक्य सुरू करतानाच ते कुठे संपणार हे जाणतो, आणि ब्लॅबरला ते बोलता बोलता सापडतं. श्वास वेगळ्या जागी, ओठांची ठेवण वेगळी, घाई कुणाला आणि निवांत कोण तेही वेगळं. पट्टी काढून घेतली तरी दोघं वेगळे राहतील. हीच कसोटी मी वर्गात लावतो: दोन्ही पात्रं एकाच पट्टीत बोला. मग वेगळी वाटली तर काम झालं.

धंद्यातली वागणूक हाही कारकिर्दीचाच भाग, म्हणून एक प्रसंग सांगतो. 'द फ्लिंटस्टोन्स' या अश्मयुगातल्या कुटुंबाच्या कार्टून मालिकेचा नमुन्यादाखल केलेला छोटा भाग १९५९ मध्ये तयार झाला तेव्हा नायक फ्रेड आणि त्याचा शेजारी बार्नी दोघांचे आवाज बटलर यांचे होते. मालिका झाली तेव्हा भूमिका दुसऱ्यांकडे गेल्या, फ्रेड ॲलन रीडकडे आणि बार्नी वॉर्नरच्या कार्टूनांचे गाजलेले आवाज-नट मेल ब्लँक यांच्याकडे. मग २४ जानेवारी १९६१ रोजी सनसेट बुलेव्हार्डवर ब्लँक यांच्या गाडीला भीषण अपघात झाला. ते बरेच दिवस बेशुद्ध होते. बार्नीचं काय करायचं? बटलर यांनी पाच भागांत बार्नी केला. स्वतःचा बार्नी दाखवायची संधी म्हणून नव्हे, ब्लँक यांचा बार्नी तुटू नये अशा बेताने. ब्लँक शुद्धीवर आल्यावर अंगभर प्लास्टर असताना घरीच त्यांच्या पलंगाभोवती माइक लावून ध्वनिमुद्रण झालं, आणि बार्नी त्यांच्याकडे परत गेला. जी भूमिका आपल्या हातून गेली, तीच दुसऱ्याच्या वतीने सांभाळून परत करायची. अशा माणसाला निर्माते पुढच्या वीस वर्षांत विसरत नाहीत.

आता घर चालतं का. बटलर यांचं चाललं, चांगलं चाललं. बायको, चार मुलगे, बेव्हर्ली हिल्समध्ये घर. पण कसं ते बघा. ते एका स्टुडिओवर कधीच अवलंबून राहिले नाहीत. हॅना-बार्बेरा होतंच, पण वॉल्टर लँट्झकडे चिली विली हा पेंग्विन, जे वॉर्डकडे परीकथांची विडंबनं, रेडिओवर फ्रीबर्गचा कार्यक्रम, आणि जाहिराती भरपूर. कॅप्टन क्रंच या न्याहरीच्या पदार्थाचा कप्तान १९६३ पासून त्यांच्याच आवाजात बोलत असे. आवाजाच्या माणसाचं उत्पन्न असं चहूकडून थेंबथेंब येतं. एक मोठी भूमिका मिळाली की झालं, हा समज काढून टाका.

नावाचं म्हणाल, तर मेल ब्लँक यांनी वॉर्नरकडे पगारवाढ मागितली, ती नाकारली गेली तेव्हा त्याऐवजी पडद्यावर नाव मागून घेतलं. त्यांना ते मिळालं आणि घराघरात पोहोचलं. त्याच कार्टूनांत काम करणाऱ्या इतरांची नावं मात्र येत नसत. १९५६ च्या त्या उंदरांच्या विडंबनातही बटलर यांचं नाव नाही. करारात नावाचं कलम मागायला पैसे लागत नाहीत. तुम्ही मागा.

आणि आता तुमच्या पंचवीस आवाजांची धोक्याची बाजू. स्नॅगलपस या सिंहाचा आवाज बटलर यांनी बर्ट लार यांच्या धाटणीवर बेतला होता. १९३९ च्या 'विझर्ड ऑफ ऑझ'मधला भित्रा सिंह तो हाच नट. कार्यक्रमात हे खपून गेलं. स्नॅगलपस केलॉग्सच्या जाहिरातीत बोलू लागल्यावर मात्र लार यांनी हरकत घेतली, कारण ऐकणाऱ्याला वाटणार की लारच माल विकताहेत. शेवटी जाहिरातीत खुलासा टाकावा लागला की आवाज डॉझ बटलर यांचा आहे. (गंमत बघा, ज्याचं नाव कुठेच येत नसे त्याचं नाव तक्रारीमुळे आलं.) लार यांनी दुसऱ्या एका कंपनीवर, जाहिरातीतल्या कार्टून बदकाच्या आवाजावरून, दावाही लावला आणि १९६२ मध्ये अपिलात तो चालवण्याजोगा ठरला. १९८८ मध्ये गायिका बेट मिडलर यांच्या प्रकरणात अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने सांगितलं की प्रसिद्ध गायकाच्या आवाजाची विक्रीसाठी मुद्दाम केलेली नक्कल बेकायदा ठरू शकते. आपल्याकडे जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयने होणारी नक्कल रोखणारा अंतरिम आदेश दिला. थोडक्यात, नटाचा आवाज जसाच्या तसा काढून जाहिरात करायची असेल तर आधी परवानगीचा कागद मागा. आणि धंद्याच्या दृष्टीनेही बघा. हुबेहूब नक्कल हे नेमकं ते काम आहे जे यंत्राला आता स्वस्तात जमू लागलंय.

सत्तरच्या दशकात कामाचा वेग कमी झाल्यावर बटलर शिकवू लागले. घराच्या मागच्या बाजूला छोटा स्टुडिओ होता, तिथे वर्ग चाले. विद्यार्थ्यांसाठी ते स्वतः छोटे प्रवेश लिहून देत. त्यांचा भर अभिनयावर होता, गमतीदार आवाजांवर नव्हता. ओहायोतल्या एका रेडिओ केंद्रावर काम करणारी नॅन्सी कार्टराइट ही कॉलेजातली मुलगी, कुणीतरी दिलेला नंबर घेऊन तिने फोन केला. बटलर यांनी ओळखदेख नसताना तिला स्क्रिप्ट पाठवली, ती वाचून टेप करून पाठव म्हणाले, आणि मग वर्षभर फोनवर आणि टेपांवर शिकवलं. १९७८ मध्ये ती लॉस एंजेलिसला शिकायला आली आणि दर रविवारी बसने त्यांच्या घरी तासाभराच्या शिकवणीला जाऊ लागली. १९८७ मध्ये ती एका नव्या कार्टूनच्या ऑडिशनला गेली ती बहिणीच्या भूमिकेसाठी, आणि तिथे भावाचं वर्णन वाचून म्हणाली, मला हा वाचू द्या. तो 'द सिम्पसन्स' मालिकेतला बार्ट सिम्पसन. जी बाई दहा वर्षांच्या द्वाड मुलाचं मन चटकन ओळखते, तिच्या त्या ओळखण्यात रविवारच्या शिकवण्यांचा वाटा आहे असं मला वाटतं. योगीचा आवाजही पुढे त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या ग्रेग बर्सन यांच्याकडे गेला.

स्वतः बटलर यांनी काम सोडलं नाही. १९८५ मध्ये 'द जेट्सन्स' परत सुरू झाली तेव्हा शाळकरी एलरॉय पुन्हा त्यांनीच केला, वय अडुसष्ट. पडद्यावर दिसणाऱ्या नटाला हे शक्य नाही. या धंद्यातलं हे एक मोठं सुख आहे, आणि त्याची किंमत गळा सांभाळून द्यावी लागते. किंचाळण्याची कामं सत्राच्या शेवटी घ्या. दिग्दर्शक आधी मागेल, तरी नम्रपणे शेवटी मागून घ्या. १८ मे १९८८ रोजी लॉस एंजेलिसमध्ये बटलर गेले, एकाहत्तराव्या वर्षी.

तुम्हाला शिरता येईल का? तुमचा डेमो, म्हणजे आवाजाचा मुद्रित नमुना, ऐकल्याशिवाय हो-नाही सांगणार नाही, पण एक काम देतो. पंचवीसमधले तीन आवाज निवडा. त्या नटांचे गाजलेले संवाद बाजूला ठेवा. पहिला आवाज अशा माणसाला द्या ज्याला कर्ज मागायचंय आणि मागायची लाज वाटतेय. दुसरा अशा माणसाला, ज्याला ते नाकारायचंय पण वाईटपणा घ्यायचा नाही. तिसरा, हे सगळं ऐकत बसलेल्या आणि मध्येच तोंड घालणाऱ्या म्हाताऱ्याला. प्रवेश स्वतः लिहा, मिनिटभराचा. रेकॉर्ड करा आणि ज्याला तुमच्या नकला ठाऊक नाहीत अशा कुणाला तरी ऐकवा. त्याने नटाचं नाव घेतलं तर अजून नक्कलच आहे. पट्टी थोडी हलवा, वेग बदला, बोलण्याची खोड दुसरीकडून आणा, ओळखीतल्या एखाद्या माणसाची आणलीत तर उत्तम. 'त्या म्हाताऱ्याला गप्प बसवा रे' असं तो म्हणाला, तर फाइल पाठवा.

पाठवताना एवढं पाहा: डेमो दीड मिनिटाच्या वर नको, सुरुवातीला संगीत नको, आणि पहिला आवाज तुमचा स्वतःचा, साधा बोलण्याचा असू द्या. ऐकणारे पहिल्या दहा सेकंदांत ठरवतात, आणि बहुतेक कामं त्याच आवाजात असतात. नटाची नक्कल ठेवायचीच असेल तर एकच, अगदी शेवटी, आणि फाइलच्या नावात 'मिमिक्री' हा शब्द घालू नका.